पस्तीस आणि त्रेपन्न : तिसरीच्या वर्गातल्या एका वजाबाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. गाव कांद्याच्या पट्ट्यातलं. मुख्याध्यापक सरांकडे पहिली आणि चौथी, माझ्याकडे दुसरी आणि तिसरी. एकाच खोलीत, मधे दोन बस्करपट्ट्यांचं अंतर सोडून. ही गोष्ट २०२२-२३ची, तिसरीतल्या तेरा मुलांची. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. गणितं मात्र जशीच्या तशी आहेत.

या तेरा जणांचा शाळेचा इतिहास थोडा सांगायला हवा. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती अंगणवाडीत होती. पहिलीचं अख्खं वर्ष घरी गेलं. दुसरीतही ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप लागलं. दोन्ही वर्षं मिळून ही मुलं वर्गात बसली ती जेमतेम चार-साडेचार महिने. उरलेल्या वेळात ज्याच्या घरी जो मोठा होता त्याने शिकवलं. मोठी बहीण, आत्या, शेजारचा सहावीतला दादा. घरी शिकवणाऱ्याला गणित म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, पाढे आणि उभी मांडणी. त्यामुळे मुलांना पाढे येत होते आणि एकाखाली एक आकडे लिहून रेघ मारता येत होती.

दरम्यान जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं निपुण भारत अभियान आलं होतं. त्याच्या उद्दिष्टांप्रमाणे दुसरीअखेर मुलाला ९९९पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता यायला हव्यात. ते पत्रक कार्यालयात भिंतीला लावलेलं होतं.

अडचण

जूनमध्ये सेतू अभ्यासाची, म्हणजे मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायच्या उजळणीची, पूर्वचाचणी घेतली. निम्म्या मुलांना वाचनच धड येत नव्हतं, म्हणून गणिताचे प्रश्न मी मोठ्याने वाचले आणि मुलांनी वहीत मांडून सोडवले. त्यातलं एक होतं : त्रेचाळीसातून अठरा वजा करा. तेरांपैकी तिघांचं बरोबर आलं.

मी लाल पेनाने दहा फुल्या मारल्या आणि नोंदवहीत लिहिलं, ‘हातच्याची वजाबाकी कच्ची, सराव आवश्यक.’ हे वाक्य आम्ही शिक्षक झोपेतही लिहू शकतो. कुठल्याही मुलापुढे, कुठल्याही वर्षी ते शोभून दिसतं.

संध्याकाळी गुण भरताना दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. एकीत उत्तर होतं ३५, दुसरीत ५३. आरशात पाहावं तसं. दोन्हींवर माझी सारखीच फुली. आधी वाटलं, एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिताना आकडे उलटे पडले असतील. पण ती दोघं वर्गाच्या दोन टोकांना बसतात. मग मांडणी पाहिली.

पस्तीसवाल्या मुलाने ४३ खाली १८ नीट लिहिलं होतं. एककाच्या घरात तिनातून आठ जाईना, म्हणून त्याने आठातून तीन काढले, पाच. दशकात चारातून एक, तीन. झाले पस्तीस.

त्रेपन्नवाल्या मुलीने मुळात लिहिलं होतं ३४ आणि खाली ८१. ‘त्रे-चाळीस’ ऐकलं, आधी तीन लिहिले, मग चार. ‘अठ-रा’ ऐकलं, आधी आठ, मग एक. आणि चौतीसातून एक्क्याऐंशी काढायची वेळ आली तरी ती थबकली नव्हती. चारातून एक, तीन. दशकात तिनातून आठ जाईना, मग आठातून तीन, पाच.

म्हणजे पहिल्याची चूक एक आणि दुसरीच्या दोन. पहिल्याला संख्या लिहिता येते, पण वजाबाकीची रीत फसली आहे. दुसरीची रीतही फसली आहे आणि त्याआधी कानावरून हातात येताना संख्याच उलटी झाली आहे. ‘हातच्याची वजाबाकी कच्ची’ या माझ्या शेऱ्यात या दोघांतला फरक कुठेच नव्हता. विशेष म्हणजे ही मुलगी उजळणीत वर्गात पहिली. एक ते शंभर न अडखळता, पाढे दहापर्यंत, तेही तालात.

विचारपूस

पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत, खिचडी झाल्यावर, एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावलं. दोन छोटे कागद केले होते. एकावर मी सांगेन त्या दहा संख्या लिहायच्या : पंचवीस, बावन्न, सदुसष्ट, शहात्तर अशा जोडीजोडीने. दुसऱ्या कागदावर वजाबाक्या छापलेल्या, म्हणजे त्यात ऐकण्याचा भाग नाही. प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न : कसं केलंस?

पस्तीसवाला मुलगा, तो खिडकीजवळ बसतो, म्हणाला, “तिनातून आठ जात नाही ना मॅडम. मंग आठातून तीन काढले.”

“असं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

मला आठवेना. त्याने आठवण करून दिली. टाळेबंदीत मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्हिडिओ टाकायचे, त्यातल्या एकात मी फळ्यापुढे उभी राहून म्हटलं होतं, “मुलांनो, लक्षात ठेवा, वजाबाकीत नेहमी मोठ्यातून लहान जातं.” घरी जाऊन फोनमध्ये तो व्हिडिओ शोधला. शब्दन् शब्द तसाच. मी संख्यांबद्दल बोलत होते. मुलांनी ते आकड्यांबद्दल ऐकलं, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात गैर काही नाही. उभ्या मांडणीत मूल ४३ ही संख्या पाहतच नाही. त्याला एका घरात ४ दिसतात आणि दुसऱ्यात ३.

चार दिवसांनी हिशेब असा निघाला. पाच जणांची फक्त रीत चुकत होती. दोघं संख्या उलट्या लिहीत होते, पण छापील वजाबाकी बरोबर करत होते. तिघांच्या दोन्ही चुका होत्या. तीन जण पहिल्यापासूनच बरोबर होते.

एक गोष्ट कागदाबाहेर कळली. खिडकीजवळच्या मुलाच्या आज्जीचं गावात छोटं किराणा दुकान आहे. एका संध्याकाळी मी तिथून सत्तावीस रुपयांचं सामान घेतलं आणि पन्नासची नोट दिली. गल्ल्यावर हा. क्षणभर ओठ हलले : “सत्तावीस... तीन तीस, न् वीस.” आणि तेवीस रुपये माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर मुद्दाम ५० – २७ लिहिलं. त्याने वहीत उत्तर काढलं ३७. शून्यातून सात जात नाही, मग सातातून शून्य, सात. पाचातून दोन, तीन.

“काल दुकानात किती दिले होतेस?”

“तेवीस.”

“मग हे सदतीस?”

तो वहीकडे पाहत राहिला. “ते दुकानातलं होतं,” म्हणाला.

हा प्रकार आमच्याच गावचा नाही. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला, त्यातही हेच दिसतं. बाजारातला हिशेब तोंडी चटकन करणारी मुलं तशाच गणिताच्या शालेय मांडणीला अडतात, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. मला ते २०२२मध्ये किराणा दुकानात सत्तावीस रुपयांत कळलं, इतकंच.

आकड्यांची नावं

उलट्या लिहिण्याबद्दल थोडं थांबते, कारण ही भानगड आपल्या भाषेची आहे.

मराठीत अकरापासून पुढे एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी. शिवाय दशकाचं नाव जोडशब्दात ओळखू येईल असं राहत नाही. बावन्नमध्ये पन्नास शोधून दाखवा. बाहत्तरमधलं सत्तर ‘हत्तर’ होतं, त्रेसष्टमधलं साठ ‘सष्ट’. त्यात एकोणवाली मंडळी. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, ऐकताना तीस कानावर पडतं आणि लिहायचे असतात दोन नि नऊ. आणि नियम बसला असं वाटतं तोवर नव्याण्णव येतो, जो एकोणशंभर होत नाही.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन जुन्या नावांच्या जोडीला आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांचा त्रास आणि दाक्षिणात्य भाषांतली सरळ संख्यानामं ही त्यामागची कारणं त्यांनी सांगितली होती. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं, विनोद झाले, मराठी बुडाली असंही लिहून आलं. नॉर्वेने १९५१ साली शाळांमधून आणि सरकारी वापरातून ‘एक-आणि-वीस’ काढून ‘वीस-एक’ आणलं. तिथेही जुनी बोलण्याची पद्धत आजपर्यंत पूर्ण गेलेली नाही. मला त्या वादात दोन्ही बाजूंचं पटत होतं, म्हणून मी गप्प होते. व्हरांड्यात बसून ‘सदुसष्ट’ सांगितल्यावर तीन मुलांनी ७६ लिहिलेलं पाहिलं, तेव्हा कळलं की वर्गातला प्रश्न त्या वादापेक्षा बराच लहान आहे. नाव बदलायचं की नाही हे नंतर. आधी, हे मूल ‘सदुसष्ट’ ऐकून काय पाहतं?

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापक सरांशी बोलले. ते अनुभवी आहेत आणि सरळ बोलतात. त्यांचं म्हणणं, रोज दहा वजाबाक्या द्या, महिन्याभरात हात बसेल. मी विचार केला, रोज दहा दिल्या तर खिडकीजवळचा मुलगा दहाही वेळा मोठ्यातून लहान काढणार. हात बसेल, पण चुकीचा. मात्र सरांची काळजी खोटी नव्हती. दिवाळीआधी पहिलं संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राची परीक्षा, त्यात उभ्या वजाबाक्या येणारच.

दुसरा पर्याय, फक्त कच्च्या दहा जणांना शाळा सुटल्यावर थांबवायचं. यातल्या चौघांना घरी जाऊन शेळ्या पाहाव्या लागतात. आणि जे तिघं ‘बरोबर’ होते त्यांनाही मी विचारलं होतं, हा वर लिहिलेला हातचा एक म्हणजे काय? दोघं म्हणाले, “एक.” उत्तर बरोबर येतं एवढ्यावर त्यांना सोडून द्यायला मन धजेना.

तिसरा, ‘वीस एक’ पद्धत सरसकट लावायची. पुस्तकाचा आधार होता. पण घरात, दुकानात, बाजार समितीत कुणी तसं बोलत नाही.

चौथा पर्याय मला हवासा वाटत होता आणि त्याचीच भीतीही वाटत होती. काही आठवडे उभी मांडणी पूर्ण बंद ठेवायची आणि काड्या-मण्यांवर यायचं. तिसरीतल्या मुलांना पहिलीचं साहित्य. पालक काय म्हणतील हे ठाऊक होतं.

जुलैच्या मध्यावर चौथा पर्याय घेतला. मुदत ठरवली गणपतीपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर. सर म्हणाले, “मॅडम, सहा आठवडे तुमचे. सप्टेंबरपासून मांडणी दिसली पाहिजे.” अशी मुदत मिळाली हे बरंच झालं, नाहीतर मी मण्यांतच रमले असते.

काय केलं

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. खराट्याच्या काड्या आणून मी आदल्या रात्री घरी बसून दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवले होते, वेळ वाचावा म्हणून. मुलांनी ते नाणी मोजावी तसे मोजले. “गठ्ठ्यात किती?” विचारलं की “दहा” म्हणायची, पण त्या दहावर कुणाचा विश्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळे गठ्ठे सोडून काड्यांचा ढीग केला आणि प्रत्येकाला आपापले बांधायला लावले. दोन तास गेले, चार रबर तुटले, एकाच्या बोटात कूस गेलं. पण त्यानंतर गठ्ठा म्हणजे दहा काड्या हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

मग त्रेचाळीस काड्या, चार गठ्ठे नि तीन सुट्या. खिडकीजवळच्या मुलाला म्हटलं, “यातल्या अठरा मला दे.” त्याने एक गठ्ठा सरळ माझ्या हातात दिला. मग तीन सुट्या दिल्या. मग थांबला. उरलेल्या गठ्ठ्यांपैकी एक उचलून त्यातून रबर न काढता एकेक काडी ओढायला लागला. तिसऱ्या काडीला रबर सटकला आणि काड्या पट्टीवर पसरल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोलले नाही. त्याने पाच मोजून दिल्या. त्याच्यापुढे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. “पंचवीस राहिल्या,” म्हणाला आणि लगेच, “पण वहीत पस्तीस आलं होतं.”

इथे एक निर्णय घ्यावा लागला. त्याने केलं ते पुस्तकातलं नव्हतं. पुस्तकाप्रमाणे आधी गठ्ठा सोडायचा, तेरा सुट्या करायच्या, त्यातून आठ काढायच्या, मग दशकाकडे जायचं. याने आधी दहा दिले, मग तीन, मग पाच. ४३, ३३, ३०, २५. दुकानात तो जसं मोजतो त्याच वाटेने, फक्त उलट्या दिशेने. त्याला थांबवून पुस्तकावर आणायचं का? मी नाही आणलं. फळ्यावर आकडे नसलेली एक आडवी रेघ काढली, उजवीकडे ४३, आणि त्याला डावीकडे उड्या मारायला सांगितल्या. दहाची, तिनाची, पाचाची. ती रेघ पुढे वर्गात ‘दुकानाची रेघ’ म्हणून प्रसिद्ध झाली.

उलट्या संख्यांसाठी शंभर मण्यांची माळ केली, दहा लाल, दहा पांढरे, आलटून पालटून, आणि व्हरांड्याच्या दोन खांबांना बांधली. कपड्याचा चिमटा घेऊन मी संख्या सांगायची आणि मुलांनी तिथे लावायचा. इथेही अडखळलो. सत्तावीस सांगितल्यावर काही जण चिमटा सत्ताविसाव्या मण्याच्या आधी लावायचे, काही नंतर. दोन दिवस मी ‘चूक’ म्हणत राहिले, आणि दुसरीतल्या एका मुलीने पट्टीवरून ओरडून विचारलं, “चिमट्याच्या अलीकडचे सगळे धरायचे ना?” तो नियम मी सांगितलाच नव्हता.

माळेमुळे ‘सदुसष्ट’चा एक ठिकाणा झाला. सहा रंग पूर्ण, सातव्यातले सात मणी. ७६ कुठे आहे ते लगेच दिसतं, नऊ मणी पुढे. पण बोलणं आणि लिहिणं यांच्यामधला सांधा अजून निखळलेलाच होता. तो अनपेक्षित ठिकाणाहून जुळला. खिडकीजवळच्या मुलाची आज्जी एकदा डबा द्यायला आली. मुलं संख्या लिहीत होती, ती दारातच उभी राहून म्हणाली, “आमच्या वेळी असं नव्हतं बाई. दोनावर पाच पंचवीस, दोनावर सहा सव्वीस.” आणि तिने तिथेच साठापर्यंत म्हणून दाखवलं.

ही चाल मीही लहानपणी म्हटली होती, विसरून गेले होते. त्यात लिहायचा क्रम आधी येतो आणि नाव नंतर. दोनावर पाच, हात तसाच चालतो. मग पंचवीस. आपल्याकडे पूल होताच, आपण तो उजळणीतून कधीतरी गाळला. एकच खोट होती, ‘दोनावर’ म्हणजे कुठल्या दोनावर हे त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही म्हणू लागलो, “दोन दशकांवर पाच, पंचवीस.” माळेवर हात फिरवत. आणि पंधरा दिवस पुस्तकातलं ‘वीस पाच’सुद्धा वापरलं, पण फक्त “कसं लिहाल?” या प्रश्नाचं उत्तर म्हणून. दोन मुलं घरी ‘चाळीस तीन’ म्हणायला लागली. एकाचे वडील फोनवर म्हणाले, “मॅडम, हे मार्केटला चालणार आहे का?” त्यांचं बरोबर होतं. मुलांना सांगितलं, बोलायचं त्रेचाळीस, लिहिताना मनात चार दशकांवर तीन.

पालकसभा

ऑगस्टमधल्या सभेत जे व्हायचं ते झालं. “तिसरीत येऊन मणी मोजतात.” “माझ्या भावाचा मुलगा इंग्लिश मीडियमला दुसरीत आहे, तीन अंकी वजाबाक्या करतो.” शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माझ्या बाजूने बोलायच्या तयारीत नव्हते.

मी म्हटलं, कागद-पेन न घेता त्रेचाळीसातून अठरा किती? आठ-दहा जणांनी लगेच पंचवीस सांगितलं. कसं केलं ते विचारलं. एक बाई म्हणाल्या, “अठरा न् दोन वीस, वीस न् वीस चाळीस, वर तीन.” कांद्याचे व्यापारी आहेत एक, ते म्हणाले, “वीस काढले, तेवीस, दोन जास्त काढले ते परत.” हातचा एकानेही घेतला नव्हता. मी फळ्यावर त्या दोन्ही वाटा रेघेवर उड्या मारून दाखवल्या आणि म्हटलं, मुलं हेच करतायत, हातात काड्या घेऊन. सगळे पटले असं नाही. इंग्लिश मीडियमवाले काका शेवटपर्यंत मान हलवत होते. पण गणपतीपर्यंत थांबायला तयार झाले.

सप्टेंबर आणि पुढे

ठरल्याप्रमाणे उभी मांडणी आणली. आता हातच्याचं काय करायचं हा प्रश्न होता. वहीत डावीकडे उभी मांडणी, उजवीकडे गठ्ठे-सुट्यांचं चित्र. चार गठ्ठ्यांतला एक खोडायचा आणि सुट्यांत दहा काढायचे, मग डावीकडे चाराचे तीन करायचे आणि तिनाचे तेरा. ‘उसना घेतला’ हा शब्द मी सोडला. उसनं घेतलं तर परत करावं लागतं, आणि एका मुलाने प्रामाणिकपणे शेवटी दशकात एक परत मिळवला होता. आम्ही ‘गठ्ठा सोडला’ म्हणतो.

शतकाकडे वळताना घाई केली. काड्या संपल्या म्हणून खेळातल्या शंभर-दहाच्या नोटा आणल्या. नोटेत दहा दिसत नाहीत, ते मानावे लागतात. ‘तीनशे पाच’ सांगितल्यावर ३००५ लिहिणारी चार मुलं निघाली. दहा गठ्ठ्यांचा एक भारा एकदा तरी सुतळीने बांधायला हवा होता. तो नोव्हेंबरमध्ये बांधला.

काय झालं

मधल्या काळात एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. दोन्ही चुका असलेल्या तिघांपैकी तो एक. तो मार्चपर्यंत परतला नव्हता, त्यामुळे मार्चच्या तपासणीत बारा जण.

पुन्हा तेच दोन कागद, वेगळे आकडे, व्हरांडा तोच. आठ जण दोन्हीकडे पक्के होते. पक्के म्हणजे उत्तर बरोबर, आणि वर लिहिलेला एक म्हणजे दहा सुट्या हेही सांगता येत होतं. दोघं शून्य आलं की अजून घसरतात. ६० – २४ काड्यांनी बरोबर, वहीत ४४. एकाला साठ-सत्तरच्या घरात लिहिताना अजून थांबावं लागतं. आणि एका मुलाचं मला कळलंच नाही. तो एका दिवशी सगळी बरोबर करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी चूक. मी विचारलं की हसतो.

त्रेपन्नवाली मुलगी आता लिहिताना ओठात पुटपुटते, “सहा दशकांवर सात.” तिचा वेग कमी झालाय. उजळणीत पहिली येणारी मुलगी गणितात हळू झाली म्हणून तिच्या आईने तक्रारही केली.

संकलित मूल्यमापनात वर्गाची सरासरी फारशी वर गेली नाही, हेही लिहायला हवं. तिथे भूमिती होती, मोजमाप होतं, आणि आम्ही त्यांना वेळ कमी दिला होता. सहा आठवडे कुठून तरी येतातच.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणी तोंडी आणि छापील अशी वेगळी घेईन, पहिल्याच दिवशी. ही दहा मिनिटांची गोष्ट होती आणि ती मी चार दिवस उशिरा केली. प्रश्न वाचून दाखवणं ही मुलांवरची कृपा आहे असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यांच्या वजाबाकीत श्रुतलेखन मिसळत होते.

बरोबर उत्तरवाल्या तिघांना सुरुवातीलाच सगळ्यांबरोबर काड्यांवर बसवलं, ते योग्य होतं असं अजून वाटतं, पण त्यांना पुढचं काही द्यायला हवं होतं. त्यातली एक मुलगी ऑगस्टभर कंटाळली होती आणि तिने माळेचे मणी रंगांप्रमाणे वेगळे केले. माळ परत ओवायला एक शनिवार गेला.

ऊसतोडीला गेलेल्या मुलाला जाताना काहीच दिलं नाही. दहा रबर आणि “काड्या तिथल्याच घे” एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते मला तो गेल्यावर सुचलं.

तो व्हिडिओ गटावरून काढून टाकला. आता दुसरीला शिकवताना ‘मोठ्यातून लहान’ म्हणत नाही. “तिनातून आठ काढायचे तर काय करावं लागेल?” असं विचारते आणि गठ्ठे पुढ्यात ठेवते. गेल्या वर्षी एकाने उत्तर दिलं, “आज्जीकडून पाच आणावे लागतील.” फळ्यावर ते लिहिलं, आणि मग गठ्ठा सोडला.

जूनच्या त्या दोन वह्यांचे फोटो मात्र काढले नाहीत. पस्तीसची वही पावसात गळक्या कपाटात भिजली, त्रेपन्नची तिच्या धाकट्या भावाने विमानं करायला नेली.